उंचीचा रकाना

१

प्रयोगशाळेच्या तीन खोल्या एका रांगेत होत्या आणि ताईचा दिवस त्याच रांगेने पुढे सरकायचा. पहिल्या खोलीत पाकिटं उघडायची, दुसऱ्या खोलीत केसांच्या मुळांतून डीएनए काढायचा, तिसऱ्या खोलीत तो मशीनला लावायचा. तिसऱ्या खोलीतून पहिलीत यायचं असेल तर आधी कोट बदलायचा, हात धुवायचे. हा नियम ताईनेच घातला होता आणि अकरा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत, आणि तिच्या शिस्तीला मागून नावं ठेवत.

या वेळचं काम सरळ होतं, पण त्यावर बरंच काही अवलंबून होतं. डोंगरातल्या लांडग्यांमध्ये काही जनावरं वेगळी दिसू लागली होती. लांडगे आणि कोल्हे यांचा संकर झाला असावा, असा वनखात्याचा संशय होता. संकर निघाला तर ती जनावरं वेचून मारायची, म्हणजे लांडग्यांचा वंश शुद्ध राहील, असं ठरलं होतं. नाही निघाला तर डोंगर बंद करायचा आणि लांडग्यांना त्यांच्या नशिबावर सोडायचं. निकाल ताईच्या अहवालावर होता.

डोंगरातल्या चौकीवर एक वयस्कर वनरक्षक एकटाच राहायचा. त्याने जागोजागी काटेरी तारा लावल्या होत्या. जनावर अंग घासून गेलं की तारेला केस अडकायचे. ते चिमट्याने पाकिटात घालून तो वर तारीख, जागा आणि जमिनीपासूनची उंची लिहायचा. तारा गुडघ्याएवढ्या होत्या, त्यामुळे उंचीचा रकाना कोणी वाचायचं नाही. ताईही वाचायची नाही.

लांडगा आणि कोल्हा ओळखायला तिच्याकडे डीएनएतल्या अठरा जागा होत्या. प्रत्येक जागी दोन आकडे येतात, एक आईकडून, एक बापाकडून. लांडग्याचे आकडे ठरलेले, कोल्ह्याचे ठरलेले. जोडीत एक याचा आणि एक त्याचा आला की संकर. हिशेब इतका सोपा होता की पहिले चाळीस नमुने तिने रेडिओ ऐकत संपवले. चाळीसच्या चाळीस शुद्ध लांडगे निघाले.

एकेचाळिसाव्या नमुन्यात अठराही जागी एक आकडा लांडग्याचा आला. दुसरा कोणाचाच नव्हता.

२

ताईने आधी मशीनला शिव्या घातल्या. मग नमुना पुन्हा लावला. तेच आकडे आले. रसायनांच्या बाटल्या नव्या फोडल्या, ओटा ब्लीचने दोनदा पुसला, हातमोजे दर नळीला बदलले. तेच आकडे. सोबत नुसत्या पाण्याची कोरी नळी लावली होती, ती कोरीच राहिली. म्हणजे बाहेरून काही मिसळलेलं नव्हतं.

मग तिने ते अनोळखी आकडे हाती लागेल त्याच्याशी ताडून पाहिले. कुत्रा, कोल्हा, खोकड, तरस, रानमांजर, अस्वल. शेवटी वैतागून गाय आणि माणूससुद्धा. कशाशीच मेळ बसेना. तरी जनावराची आई ओळखीची निघाली. बारा नंबरची मादी. दोन वर्षांपूर्वी जन्मलेली, खात्याच्या नोंदीतली, आणि याच मोसमात पहिल्यांदा व्यायलेली. बापाचा पत्ता नव्हता.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, ते चष्मा कपाळावर सरकवून कागद न्याहाळत म्हणाले की नमुना दूषित आहे, टाकून द्या. ताईने कोऱ्या नळीचं सांगितलं. ते म्हणाले, मग नळी नीट लावली नसेल. तिने पाच वेळा केल्याचं सांगितलं. ते म्हणाले, पाच वेळा तीच चूक केली असेल. त्यावर माणसाने काय बोलावं? ताई दार जरा जोरात ओढून बाहेर आली.

घरी तिचे वडील होते. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही औषधाच्या डबीवरचा मजकूर पेन्सिल घेऊन वाचायचे. जेवताना तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांना जनावरांतलं काही कळत नव्हतं, पण ऐकून घेतलं नीट.

"चूक जागा बदलते," ते म्हणाले. "अठरा ठिकाणी, पाच वेळा, तसंच्या तसं येतंय ना? मग पोरी, ती चूक नाही. तसंच लिहिलेलं आहे."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३

पुढच्या दीड महिन्यात आणखी दोन गठ्ठे आले. त्यात अठ्ठावन्न नंबर निघाला आणि मागोमाग त्रेसष्ट.

अठ्ठावन्न ही एकेचाळीसची मुलगी होती. लांडगा तिच्यात पावच उरला होता. त्रेसष्ट ही अठ्ठावन्नची मुलगी. तिच्यात लांडग्याचा अंश एकअष्टमांश, बाकी सगळं ते दुसरं.

ताई कागद मांडून बसली. लांडगीला पिल्लं जन्मायला नऊ आठवडे लागतात आणि ते पिल्लू वयात यायला दोन वर्षं. बारा नंबरची मादी या मोसमात पहिल्यांदा व्यायली. मग एकाच मोसमात मुलगी, नात आणि पणती कुठून आली? आणि तिन्ही बाप वेगळे होते, हे आकडे स्वच्छ सांगत होते. म्हणजे ते दुसरं जे काही होतं, लांडग्याचा अंश नसलेलं, ते डोंगरात निदान तीन तरी होतं, आणि त्यांच्यातल्या एकानेही तारेला कधी अंग लावलं नव्हतं.

तेव्हा तिने पहिल्यांदा उंचीचा रकाना वाचला. एकेचाळीस: गुडघा. अठ्ठावन्न: कंबर. त्रेसष्टपुढे रक्षकाने नुसतं लिहिलं होतं, 'दाराबाहेरचा खिळा'.

तिने चौकीवर फोन लावला. रक्षक आधीच त्रासलेला होता. खालून कोणी शिधा वेळेवर पाठवत नव्हतं आणि वरून फोन मात्र रोज यायचे.

"ताई, मी केस पाठवतो. त्यांचे आईबाप तुम्ही शोधा," तो म्हणाला.

"काका, खिळा केवढ्या उंचीवर आहे?"

"माझ्या टोपीच्या वर. मी त्याला कोट अडकवतो."

"मग तिथे केस कसे आले?"

"वाऱ्याने आले असतील," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

सरांपुढे तिने हे सगळं मांडलं, तेव्हा त्यांनी हात टेकले. पाकिटांवरचे नंबर उलटसुलट झाले असतील, त्या म्हाताऱ्याला दिसत नसेल, तुम्हाला सुट्टी हवी असेल तर तसं सांगा, ते म्हणाले. ताईने सुट्टी मागितली. पण घरी बसायला नव्हे, चौकीवर जायला. जाण्याआधी सगळे आकडे लिहून एक टिपण सरांच्या टेबलावर ठेवलं. वाचतील अशी आशा नव्हती.

४

बस अडीच तासांनी डोंगराच्या पायथ्याशी थांबायची. तिथून तासभर चढ. चौकी म्हणजे पत्र्याच्या छपराची एकच खोली. खाट, टेबल, भिंतीवर तारेचा फोन, एक खिडकी, आणि फळ्यांचं दार, ज्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे आत यायचे. दाराबाहेर दगडी पायरी होती आणि चौकटीत तो खिळा.

रक्षक तिला पाहून खूश झाला, पण नजर चुकवत होता. त्याने ओढ्याकाठी बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. कॅमेरा आपोआप फोटो काढायचा. पहिल्या महिन्यातल्या फोटोंत लांडगे पाणी पीत होते, पिल्लं एकमेकांवर पडत होती. नंतरच्या सगळ्या फोटोंत ते नुसते उभे होते. एका ओळीत, तोंडं एकाच दिशेला, तासन् तास. भर दुपारच्या उन्हात. ओळीच्या मध्ये दर वेळी एक जागा रिकामी होती. एखाद्याला वाट द्यावी तशी सोडलेली.

"कुठे बघतायत?" ताईने विचारलं.

"चौकीकडे," तो म्हणाला.

मग ओढ्यावरची तार बघून अर्ध्या तासात येतो, असं सांगून तो उतरून गेला. वारा सुटला होता म्हणून ताईने दार लोटून घेतलं आणि त्याची नोंदवही उघडली. तीनचा सुमार असेल. पत्रा उन्हाने तडतडत होता.

दहाएक मिनिटांनी पायरीवर पावलं वाजली. खिळा चौकटीवर किणकिणला. कोणीतरी पायरीवर बसलं.

"काका, त्रेसष्टची तारीख फिसकटलीय," ताई वहीतून डोकं न काढता म्हणाली. "चौदा की सतरा?"

"हं," बाहेरून आवाज आला.

"हं काय? चौदा लिहू?"

"हं."

तिने चौदा लिहिलं. आणि मग, दोन महिन्यांचं साचलेलं होतं म्हणा किंवा डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नव्हतं म्हणून म्हणा, ती बोलत सुटली. पाच वेळा केलेली चाचणी. कोरी नळी. सरांचं ते चष्मा सरकवणं. पहिल्या खोलीत सकाळी ती एकटीच कशी असते, आणि आठ तास मान मोडून काम केल्यावर कोणी दोन मिनिटं ऐकून घेऊ नये याचा कसा संताप येतो. बाहेरचा मध्ये मध्ये 'हं' म्हणत होता. बरोबर जागी म्हणत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिचं बोलणं न तोडता ऐकत होतं. तिला हलकं वाटू लागलं.

बोलता बोलता तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली, बराच लांब, रक्षक ओढ्याकडून चढ चढत येत होता. अंगात कोट, डोक्यावर टोपी, मध्येच गुडघ्यावर हात ठेवून दम खात.

ताई वाक्याच्या मध्येच थांबली.

गुराखी असेल, तिने स्वतःला समजावलं. वाटसरू असेल. वाट चुकलेला माणूस कोणाचंही बोलणं ऐकत बसेल. पण माणूस म्हटला की कधीतरी दुसरा शब्द बोलेल ना.

"हं?" बाहेरून आवाज आला. या वेळी शेवटी किंचित वर चढलेला. पुढे सांग, अशा अर्थाचा.

ती बोलली नाही. तेव्हा पायरीवरचं वजन उठलं. दाराच्या फटींतले उन्हाचे पट्टे एकेक करून विझले, डावीकडून उजवीकडे, वरच्या फटीसकट. तिच्या डोळ्यांसमोरच्या फटीतून राखाडी केस जाताना दिसले, एका बाजूला विंचरल्यासारखे सपाट. ते जात राहिले. दारापुढून निघून जायला एवढा वेळ लागावा असं काय असू शकेल, याचा तिने विचार केला नाही. ती फक्त पट्टे परत यायची वाट पाहत राहिली.

ते परत आले. एकेक करून.

५

रक्षक आत आला तेव्हा ती खाटेवर बसली होती. तिने काही सांगायच्या आधीच त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

"म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं," तो म्हणाला.

ताईला समजायला जरा वेळ लागला. मग अंगाची आग झाली. तो तिला मुद्दाम एकटं सोडून गेला होता. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, साहेबांना सांगितलं असतं तर म्हातारा एकटा राहून भ्रमिष्ट झाला, असं म्हणून घरी बसवलं असतं. दुसऱ्या कोणाला तरी ऐकू येतंय, एवढंच मला बघायचं होतं. रागाच्या भरात तिने त्याला बरंच सुनावलं. पण कोणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय होतं, हे तिला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. तिचा राग टिकला नाही.

मग त्याने हळूहळू सांगितलं. दुपारी तो पाठ टेकून आत पडायचा तेव्हा खालचा गुराखी पायरीवर येऊन बसायचा. घोंगडं खिळ्याला अडकवायचा. दार लोटलेलं असायचं, दोघं तशाच गप्पा मारायचे. गुराखी मुळात कमी बोलणारा. खिळ्यावर केस सापडले तेव्हा ते घोंगड्याचे असतील, रानात कुठे घासलं असेल, असं समजून त्याने ते पाठवले होते. ताईने फोनवर विचारल्यावर त्याला शंका आली. गेल्या आठवड्यात तो मीठ आणायला खाली उतरला, तर गुराख्याची बायको म्हणाली की नवरा गुरं घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेलाय. महिना झाला.

"महिनाभर मी बोलत होतो, ताई," तो म्हणाला. "मुलीच्या घराचा पत्ता सांगितला. नातवाची शाळा सांगितली. तारा कुठे आहेत ते सांगितलं. केस कुठे जातात म्हणून तुमच्याबद्दलही सांगितलं."

"मीही सांगितलं," ताई म्हणाली. "आत्ता."

नंतर तिने त्याला सामान बांधायला लावलं. बाहेर पडताना खिळ्यावर केसांचा एक झुपका होता. अकरा वर्षांची सवय. हातमोजा चढवून तिने तो पाकिटात घातला आणि वर सत्तर लिहिलं. उंचीचा रकाना भरला नाही. चौकीला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि ऊन असतानाच दोघं उतरली. वाटेत कुठेही मागे वळून पाहिलं नाही. रक्षक मुलीकडे गेला, ताई घरी.

६

दुसऱ्या दिवशी तिने सत्तर नंबर लावला. अठराही जागी दोन्ही आकडे त्याचेच आले. लांडगा कुठेच उरला नव्हता.

तो कागद तिने घडी घालून खिशात ठेवला. तिने रात्रीच सगळं ठरवलं होतं. संकर आहे असं लिहिलं तर बंदुका घेऊन माणसं डोंगरात जातील, चौकीत राहतील, दुपारी पायरीवर बसून गप्पा मारतील. शुद्ध लांडगे लिहिलं तर डोंगर बंद होईल, आणि तिथे बोलायला कोणी उरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती खोटा निकाल लिहिणार होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. सरांना तर हेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ती अहवाल घेऊन त्यांच्या खोलीत गेली, तर सर उभेच होते. त्यांनी तिचं टिपण वाचलं होतं. एवढंच नाही, एकेचाळीसचा उरलेला नमुना त्यांनी एका जुन्या मित्राच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला होता आणि तिथेही तेच आकडे आले होते. त्यांचे डोळे तरुण मुलासारखे चमकत होते. तुमचंच खरं होतं, ते म्हणाले. मी माफी मागतो. ही नवी जात आहे. मी स्वतः माणसं घेऊन डोंगरात जाणार, जिवंत पकडायची.

दोन महिने ज्या वाक्यासाठी ताईने जीव काढला होता ते नेमकं त्या दिवशी आलं. तिला हसावं की रडावं कळेना.

"ती माझी चूक होती," ती म्हणाली.

सरांना ऐकू आलं नसावं, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. आपण कंटाळून नमुन्यात दुसऱ्या कामातला डीएनए मिसळला, मग लपवायला तसेच कागद तयार केले, मित्राकडे गेलेली नळीही तीच. खोटं बोलायची सवय नसल्याने ती जमिनीकडे पाहून बोलत होती, आणि त्यामुळेच ते खरं वाटलं. सरांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. अकरा वर्षांच्या नावावर तुम्ही पाणी सोडलंत, ते म्हणाले. उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही. ती हो म्हणाली. त्यांनी अहवाल ओढून घेतला आणि शेवटच्या पानावर सही केली. सर्व नमुने शुद्ध लांडगे. डोंगर बंद करावा. चौकी उठवावी.

ताईने श्वास सोडला. तिचं नाव गेलं होतं, काम गेलं होतं, पण ते सगळं आता डोंगराच्या त्या बाजूला राहणार होतं.

"आणि त्या रक्षकाला कळवा," सर पेनाचं टोपण लावत चिडून म्हणाले. "उगाच हेलपाटा पडायचा त्याला."

"कसला हेलपाटा?"

त्यांनी सांगितलं. सकाळी त्यांनीच चौकीवर फोन केला होता. त्यांचे गुडघे दुखतात, चढ लगेच जमणार नाही असं वाटलं, म्हणून त्याला म्हटलं, आम्ही येऊ तेव्हा येऊ, तोवर तूच खाली ये. ताई कुठे बसतात ते माहीत आहे ना? थेट तिथेच ये.

"काय म्हणाला तो?" ताईने विचारलं.

"त्याला काय बोलता येतं? नुसतं हं."

ताईने पर्स उघडली आणि आत चाचपलं. चौकीची किल्ली हाताला लागली.